लेथ सरळ बसविणें आणि कारखान्यांतील चुकांचा धडा

शेतकऱ्यांच्या मासिकांत लोखंड कातण्याच्या यंत्राविषयीं लेख कशाला, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर असें कीं, ज्या दिवशीं विहिरीवरील मोट सुटली व तेथें पंप बसला, त्या दिवसापासून शेताचें पाणी गांवच्या सुतार-लोहाराच्या हातून निघून तालुक्याच्या कारखान्यांतील लेथच्या हातीं गेलें. पंपाचा दांडा झिजला, चरकाच्या लाटेचा कणा बिघडला, ट्रॅक्टरच्या सांध्यांतील बुश सैल झाला, कीं आपण तो जिन्नस फडक्यांत गुंडाळून कारखान्यांत नेतों आणि मिस्त्री सांगेल त्या दिवशीं परत आणतों. मधल्या चार दिवसांत पीक तहानेलें उभें असतें. जिन्नस नीट कातला गेला असेल तर हंगाम पार पडतो. नसेल तर पंधरा दिवसांनीं पुन्हा तोच पंप, तोच कारखाना आणि तीच मजुरी. कारखान्यांतील चुकीचा दंड कारखानदार क्वचितच भरतो. बहुधा तो शेतकऱ्यालाच भरावा लागतो. म्हणून लेथ म्हणजे काय, तो सरळ आहे कीं नाहीं हें कसें ओळखावें, आणि बिघडलेल्या कामावरून मूळ चूक कशी शोधावी, हें ज्याच्या पदरीं पंप आहे त्या प्रत्येकानें थोडें तरी समजून घ्यावें, असें आम्हांस वाटतें. शिवाय तंत्रशिक्षण घेतलेलीं शेतकऱ्यांचीं कित्येक मुलें गांवींच जुना लेथ आणून लहानसा कारखाना घालतात. त्यांना तर ही माहिती रोजच्या भाकरीइतकी आवश्यक आहे.

आमची हयात मुलकी खात्याच्या कचेरींत कारकुनी करण्यांत गेली. लेथ चालविणें हा आमचा धंदा नव्हे. परंतु मोजणीच्या जुन्या दप्तराशीं ज्याचा संबंध आला, त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. पूर्वीं जमिनीची मोजणी ३३ फुटी साखळीनें होत असे व ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद जागेचा एक गुंठा धरीत. ही साखळी वापरानें ताणली जाऊन दोन इंचांनीं वाढली, तर मोजणाऱ्यानें कितीही काळजीपूर्वक मोजलें तरी एकरामागें ४०० चौरस फुटांहून अधिक जमीन कागदावरून नाहींशी होई. चूक मोजणाऱ्याच्या हातांत नसे, ती साखळींत असे. आणि साखळींतील चूक त्या साखळीनें मोजलेल्या प्रत्येक शेतांत उतरे. लेथचें अगदीं तसेंच आहे. लेथ वांकडा बसला असेल तर त्यावर उत्तम कारागिराच्या हातूनही वांकडेंच काम निघतें, आणि तें प्रत्येक गिऱ्हाइकाच्या घरीं जातें.

दोन रेषांचा मेळ

कातकाम आपल्याकडे नवें नाहीं. सावंतवाडीचीं लाखेचीं खेळणीं व पाळण्याचे खांब कातारी लोकच कातीत आले. लाकूड फिरत ठेवावयाचें आणि हातांतील पटाशी त्याला टेकवावयाची, ही रीत पुरातन आहे. लोखंडाच्या लेथमध्यें फरक इतकाच कीं, हत्यार माणसाच्या हातांत नसून एका सरकत्या बैठकीवर घट्ट बसविलेलें असतें. ह्या बैठकीला इंग्रजींत सॅडल म्हणजे खोगीर म्हणतात, आणि घोड्याच्या पाठीवर खोगीर बसावें तसें तें लेथच्या लांब लोखंडी पाटावर बसतें. ह्या पाटाला कारखान्यांत बेड म्हणतात. बेडच्या डाव्या टोकास हेडस्टॉक असतो. त्यांत फिरणारा कणा म्हणजे स्पिंडल व त्याच्या तोंडाशीं काम पकडणारा चक असतो. उजव्या टोकास सरकवितां येणारा टेलस्टॉक असतो. तो लांब दांड्याच्या दुसऱ्या टोकाला अणीचा आधार देतो.

एवढ्या सगळ्या पसाऱ्याचें मर्म एका वाक्यांत सांगतां येतें. लेथमध्यें दोनच रेषा महत्त्वाच्या आहेत: एक, काम ज्या रेषेभोंवतीं फिरतें ती, दुसरी, हत्यार ज्या रेषेवरून सरकतें ती. ह्या दोन रेषा समांतर असल्या तर दांडा सर्वत्र सारख्या जाडीचा निघतो. त्या समांतर नसल्या तर दांडा एका टोकास जाड व दुसऱ्या टोकास बारीक, म्हणजे गाजरासारखा निघतो. पेरतांना पाभरीच्या तासांतील अंतर एका टोकास कमी व दुसऱ्या टोकास जास्त झालें म्हणजे तास चुकला हें आपण बांधावरून पाहून सांगतों. येथेंही तसेंच, फक्त अंतर डोळ्यांना दिसण्याजोगें नसतें.

तें किती बारीक असतें हें एका उदाहरणावरून कळेल. ३० मिलिमीटर भोकाचें बेअरिंग ज्या दांड्यावर घट्ट बसावयाचें, त्याच्या जाडींत नेहमींच्या एका प्रमाणाप्रमाणें ३० मिलिमीटरच्या वर २ ते १५ सहस्रांश मिलिमीटर इतकाच फरक चालतो. माणसाच्या डोक्याचा केस साधारणपणें ५० ते १०० सहस्रांश मिलिमीटर जाड असतो. म्हणजे केसाच्या चौथ्या हिश्श्याइतकी चूक झाली तरी बेअरिंग एक तर चढणार नाहीं, नाहीं तर चढून दांड्यावर फिरत राहील व दांडा खाईल.

यंत्राला सरळपणा आला कोठून

लोखंडी बेड, सरकतें सॅडल व आटे पाडण्याचा मुख्य स्क्रू ह्या तिहींची सांगड घालून अचूक लेथ बनविण्याचें श्रेय लंडनच्या हेन्री मॉडस्ले ह्यास देतात. हा काळ इ. स. १८०० च्या सुमाराचा. त्याच्या कारखान्यांत पुढें जोसेफ व्हिटवर्थ नांवाचा तरुण कामास होता. नटबोल्टच्या आट्यांना पहिलें सर्वमान्य प्रमाण लावून देणारा तो हाच. तें त्यानें १८४१ मध्यें मांडलें. त्याच्या आदल्या वर्षीं, १८४० मध्यें, त्यानें ग्लासगो येथील विद्वानांच्या सभेंत लोखंडाचें पृष्ठ खरेंखुरें सपाट कसें करावें ह्यावर निबंध वाचला. त्यांतील युक्ति आमच्या विषयास फार उपयोगी आहे.

दोन लोखंडी पाट एकमेकांवर घासून मिळविले तर ते एकमेकांना अगदीं चिकटून बसतील, परंतु तेवढ्यानें ते सपाट ठरत नाहींत. एक थोडा खोलगट व दुसरा तितकाच फुगीर असला तरीही ते चिकटून बसतील. म्हणून तिसरा पाट घ्यावा व तिघांना आळीपाळीनें एकमेकांशीं मिळवावें. पहिला पाट दुसऱ्याशीं व तिसऱ्याशीं जुळला, आणि दुसरा तिसऱ्याशींही जुळला, तरच तिघेही सपाट. दोघांच्या संगनमतांत लपलेली चूक तिसरा साक्षीदार उघडी पाडतो. कचेरींत दोन नोंदी एकमेकींशीं जुळल्या तरी आम्ही तिसरा कागद मागवीत असूं, तें ह्याच कारणासाठीं.

पुढें जर्मनींतील प्राध्यापक गेओर्ग श्लेसिंगर ह्यांनीं १९२७ सालीं यंत्रें तपासण्याच्या पद्धतींचें पुस्तकच प्रसिद्ध केलें. यंत्र कारखान्यांतून बाहेर पडण्यापूर्वीं कोठें काय मोजावें व किती फरक चालवून घ्यावा, ह्याची शिस्त त्यांत घालून दिली आहे. आपल्याकडील इतिहासही शेतीशीं जोडलेला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं बेळगांवीं लोखंडी नांगर काढला, तेव्हां लोखंडानें जमीन विषारी होते ही समजूत त्याच्या आड आली होती. १९१० सालीं औंध संस्थानांत किर्लोस्करवाडी वसली, आणि त्याच उद्योगाच्या परिवारांतून १९४१ सालीं हरिहर येथें लेथ बनविणारा कारखाना निघाला. आधीं शेतकऱ्याचा नांगर, मग त्या कारागिरीच्या बळावर यंत्रें बनविणारें यंत्र, असा हा क्रम आहे.

बेडचा पीळ

बेड ओतीव लोखंडाचा, जाडजूड व जड असतो. म्हणून तो वांकणें शक्यच नाहीं असें पाहणाऱ्यास वाटतें. येथेंच पहिली फसगत होते. चार पायांची बाज खडबडीत अंगणांत टाकली तर तीन पाय टेकतात व चौथा अधांतरीं राहतो. वर दोन माणसें बसलीं कीं चौथाही टेकतो. परंतु तो अंगण सपाट झाल्यामुळें टेकत नाहीं, बाजेला पीळ बसल्यामुळें टेकतो. लेथचा एक पाय अधांतरीं असतां त्याचा बोल्ट पान्ह्यानें आवळला कीं नेमकें हेंच होतें. केसाच्या दोन-तीन पट फट बोल्टाखालीं नाहींशी होते आणि तिचा पीळ होऊन बेडमध्यें शिरतो. असा पीळ बसला कीं सॅडल उजवीकडे जातां जातां किंचित् पुढें वा मागें कलतें, व त्यावरील हत्यार कामापासून दूर जातें किंवा त्यांत शिरतें.

हा पीळ शोधण्याचें साधन पाणसळ. पण गवंड्याची पाणसळ येथें उपयोगी नाहीं. ती चांगली असली तरी मीटरमागें अर्धा मिलिमीटर इतकाच कल दाखविते. बेडपासून कामाच्या मध्यरेषेची उंची २०० मिलिमीटर धरली, तर तेवढ्या कलानें हत्यार एक दशांश मिलिमीटर सरकतें आणि दांड्याच्या जाडींत त्याच्या दुप्पट, म्हणजे दोन दशांश फरक पडतो. यंत्रांसाठीं जी बारीक पाणसळ मिळते, तिचें एक घर मीटरमागें दोन शतांश मिलिमीटरचें असतें; तिच्या एका घराचा फरक म्हणजे जाडींत अवघे ८ सहस्रांश. ही पाणसळ महाग असते, म्हणून चार कारखान्यांत मिळून एक ठेवली तरी चालण्यासारखें आहे.

मोजण्यापूर्वीं पाणसळीचीच परीक्षा घ्यावी. ती एका जागीं ठेवून बुडबुडा कोठें आहे तें लिहून घ्यावें. मग उलट तोंडानें त्याच जागीं ठेवावी. बुडबुडा दोन्ही वेळां त्याच बाजूस तितकाच राहिला तर पाणसळ खरी. नंतर ती सॅडलवर आडवी ठेवावी, सॅडल हेडस्टॉकजवळ असतां एकदां व टेलस्टॉकच्या टोकास असतां एकदां बुडबुडा पाहावा. दोन्हीकडे तो एकाच घरावर दिसला तर बेडला पीळ नाहीं.

ह्या ठिकाणीं एक समज दूर केला पाहिजे. लेथ पृथ्वीच्या मानानें समतल असलाच पाहिजे असें नाहीं. जहाजावरील कारखान्यांत लेथ समुद्राबरोबर हेलकावे खात असतो व तरीही सरळ काम देतो. समतल असणें ही सोय आहे. पिळाविना असणें ही गरज आहे. म्हणून बुडबुडा मध्यभागीं आणण्याच्या भरीस न पडतां दोन्ही टोकांस तो सारखा आणावा. ज्या पायाखालीं फट असेल तेथें पातळ पत्र्याच्या पट्ट्या सरकवाव्या, बोल्ट सारख्या जोरानें आवळावे व प्रत्येक वेळीं पुन्हा पाहावें. कांक्रीटचा पाया नवीन असेल तर तो निदान चार आठवडे पुरता मुरूं द्यावा, आणि बसविल्यावरही महिन्यानें व पावसाळ्यानंतर पुन्हा तपासावा. काळ्या जमिनींत तर ह्याची विशेष आवश्यकता. ती उन्हाळ्यांत भेगाळते व पावसांत फुगते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको.

दोन कड्यांची कसोटी

पाणसळ साक्ष देते, पण निकाल कामानेंच द्यावयाचा असतो. त्यासाठीं ४० ते ५० मिलिमीटर जाडीचा पोलादी दांडा घ्यावा व चकबाहेर सुमारें २०० मिलिमीटर राहील असा घट्ट पकडावा. टेलस्टॉकचा आधार देऊं नये. मधला भाग थोडा खोल कातून दोन टोकांस दोन रुंद कडीं ठेवावीं. मग धारदार हत्यारानें, त्याची मांडणी न हलवितां, अगदीं हलकी एकच फेर दोन्ही कड्यांवरून घ्यावी. यंत्र बंद करून, दांडा थंड झाल्यावर, दोन्ही कडीं मायक्रोमीटरनें मोजावीं.

दोन्ही सारखीं भरलीं तर उत्तम. बाहेरचें कडें जाड भरलें तर हत्यार त्या टोकास कामापासून दूर, म्हणजे कारागिराकडे जात आहे. टेलस्टॉकच्या बाजूचा पुढचा पाय, म्हणजे कारागिराजवळचा, पट्टी घालून किंचित् उचलावा. बाहेरचें कडें बारीक भरलें तर त्याच बाजूचा मागचा पाय उचलावा. फरक जाडींत मोजला जातो व तो हत्याराच्या चुकीच्या दुप्पट असतो, हें विसरूं नये; म्हणजे पट्ट्या अधिक घातल्या जाणार नाहींत.

वाचकांपैकीं कोणी विचारील कीं, हत्यार आडवें सरकण्याऐवजीं वरखालीं झालें तर काय? तेंही हिशेबानें पाहूं. ५० मिलिमीटर जाडीच्या दांड्यावर मध्याच्या उंचीवर टेकलेलें हत्यार एक दशांश मिलिमीटर खालीं गेलें, तर जाडींत एका सहस्रांशाच्याही निम्म्याहून कमी फरक पडतो. परंतु तेंच एक दशांश आडवें सरकलें तर जाडींत दोन दशांश, म्हणजे पांचशें पट फरक पडतो. सगळ्याच चुका सारख्या नसतात. कोणती चूक पिकावर उतरणार व कोणती बांधावरच राहणार, हें ओळखणें हीच निम्मी कारागिरी होय.

खोट्या साक्षी

कसोटीचा दांडाही खोटें बोलूं शकतो. दांडा बारीक व लांब असला तर हत्याराच्या दाबानें त्याचें मोकळें टोक मागें लवतें आणि बाहेरचें कडें जाड निघतें. बेड सरळ असूनही तो पिळला आहे असें वाटतें. म्हणूनच दांडा जाड, बाहेर थोडा व फेर हलकी, असें वर सांगितलें. धार बोथट असली तरी हाच दोष येतो. उष्णतेचीही एक चूक आहे. ५० मिलिमीटर जाडीचा पोलादी दांडा २० अंशांनीं तापला तर सुमारें १२ सहस्रांश मिलिमीटरनें फुगतो. गरम असतां बरोबर मापाचा ठरलेला दांडा थंड झाल्यावर सैल होतो. घाईच्या हंगामांत कातलेले कित्येक दांडे ह्याच कारणानें परत येतात.

पाणसळ बेड सरळ सांगते, आणि तरीही कडीं सारखीं येत नाहींत, असें झालें तर दोष हेडस्टॉकच्या बसण्यांत असूं शकतो. त्याखालीं कीस अडकला आहे काय, बोल्ट सैल आहेत काय, हें पाहावें. अशा वेळीं बेडला मुद्दाम उलटा पीळ देऊन कडीं सारखीं करण्याचा मोह होतो. तो टाळावा, एका चुकीवर दुसरी चूक लादून आलेला मेळ टिकत नाहीं. जुन्या लेथचा बेड चकजवळ अधिक झिजलेला असतो, कारण बहुतेक काम तेथेंच होतें. ही झीज पट्ट्यांनीं भरून निघत नाहीं. बेड घासून किंवा खरवडून घेणें हाच त्यावर उपाय. जुना लेथ विकत घेणाऱ्यानें ही गोष्ट पैसे मोजण्यापूर्वीं पाहावी.

एक पाहिलेलें प्रकरण

आमच्या पाहण्यांत एका तालुक्याच्या गांवीं असा प्रकार झाला. कारखान्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. तेथें लांब दांडे चांगले निघत, म्हणून मालकाचा लेथवर पूर्ण विश्वास होता. परंतु त्याच लेथवर भोक पाडून केलेले बुश पंधरा दिवस टिकत नसत. रब्बीचें पाणी चालू असतां एका शेतकऱ्याचा पंप तीनदां परत आला. हरभरा ऐन घाट्यांत असतां त्याच्या दोन पाळ्या चुकल्या. मालकानें आधीं लोखंडाला दोष दिला, मग हत्याराला, आणि शेवटीं कामावरच्या पोराला काढून टाकलें.

अखेर एक वृद्ध मिस्त्री पाहावयास आले. त्यांनीं यंत्राला हात लावण्यापूर्वीं बिघडलेले व चांगले असे सर्व जिन्नस एका फळीवर मांडावयास सांगितले. मग विचारलें, “मालक, ह्यांतले दोन्हीं टोकांस अणी लावून कातलेले कोणते, आणि नुसत्या चकांत धरून कातलेले कोणते?” वेगळे करून पाहतात तों सरळ निघालेले सारे पहिल्या जातीचे, व बिघडलेले सारे दुसऱ्या जातीचे. एक बुश मोजला, तो १०० मिलिमीटर लांबींत ४ शतांश मिलिमीटर निमुळता होता. दांडा त्यांत फक्त एका तोंडाशीं टेकत होता व तेथेंच झिजत होता. मिस्त्री म्हणाले, “टेलस्टॉक बेडवरच बसतो, मालक. बेड पिळला कीं खोगिराबरोबर तोही कलतो, म्हणून दोन अणींमधल्या कामांत पीळ झांकला जातो. नुसत्या चकाचें काम मात्र खरें बोलतें. दुखणें मुळाशीं आहे, आणि तुम्ही औषध शेंड्याला लावीत आहां.”

पाणसळ लावली तेव्हां टेलस्टॉककडील पुढच्या पायाचा बोल्ट मोकळा करतांच पायाखालीं दोन-तीन कागद सरकण्याइतकी फट उघडी पडली. अर्ध्या दिवसांत पट्ट्या घालून पीळ निघाला. त्यानंतर मिस्त्रींनीं टेलस्टॉक पुन्हा तपासून लावला, कारण तो पिळलेल्या बेडवर जुळविलेला होता. काढून टाकलेल्या पोराला मालकानें परत बोलाविलें, हें त्यांस भूषणावह होय. परंतु शेतकऱ्याचा गेलेला हरभरा परत येणें शक्य नव्हतें.

ह्या प्रकरणांत आम्हांस दोन धडे दिसतात. पहिला क्रमाचा: आधीं बेड, मग हेडस्टॉक, आणि सर्वांत शेवटीं टेलस्टॉक. टेलस्टॉक जुळवितांना दोन अणींमध्यें दांडा धरून हलकी फेर घ्यावी व दोन टोकांच्या जाडींत जो फरक येईल त्याच्या निम्म्यानें तो सरकवावा. टेलस्टॉककडील टोक जाड असेल तर कारागिराकडे, बारीक असेल तर पलीकडे. दुसरा धडा असा कीं, बिघडलेलें काम भंगारांत टाकण्यापूर्वीं त्याची जबानी घ्यावी. दांडा मधेंच फुगीर आहे, एकीकडे निमुळता आहे, कीं वाटोळाच नाहीं, ह्या प्रत्येक खुणेचें कारण वेगळें असतें. चूक करणारा माणूस शोधण्यापूर्वीं चुकीची जात शोधावी.

चुकांची वही

ह्यासाठीं प्रत्येक कारखान्यांत एक वही असावी अशी आमची आग्रहाची सूचना आहे. तींत तारीख, जिन्नस, तो कसा पकडला होता, कोणतें माप हवें होतें, कोणतें आलें, आणि नंतर काय बदललें, एवढे सहा रकाने पुरेत. दोन नियम मात्र कडक पाळावे. एक, एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. धार, पट्टी व टेलस्टॉक तिन्ही एकदम बदलून काम सुधारलें तर कशानें सुधारलें हें कोणालाच कळत नाहीं, आणि पुढच्या खेपेस शिकलेलें काहीं हातीं राहत नाहीं. दोन, नोंद खोडून नाहींशी करूं नये. कचेरींत चुकलेल्या आंकड्यावर एक रेघ मारून, वर खरा आंकडा लिहून, बाजूला सही करण्याची रीत असे. खालचा आंकडा वाचतां आला पाहिजे हा तिचा हेतु. पुसलेली चूक पुन्हा घडते. वाचतां येणारी चूक पुढच्या माणसास सावध करते. ज्या कारखान्यांत चूक सांगणाऱ्या पोरास आधीं शिव्या मिळतात, तेथील चुका मालकास शेवटीं शेतकऱ्याच्या तोंडून ऐकाव्या लागतात.

जिवाची चूक मात्र वहींत लिहिण्याची वेळ येऊं देऊं नये. चकची किल्ली चकांत ठेवून यंत्र सुरू करणें, सैल बाही किंवा गळ्यांतील उपरणें घेऊन लेथजवळ उभें राहणें, फिरत्या कामावर माप लावणें, लोखंडाचा कीस हातानें ओढणें, ह्या चार गोष्टींनीं माणसें कायमचीं अधू झालीं आहेत. डोळ्यांस चष्मा हवाच. कारखान्यांत काम देण्यास गेलेल्या शेतकऱ्यानेंही धोतराचा सोगा आवरून, यंत्रापासून दूर उभें राहावें.

शेतकऱ्यानें काय करावें

आतां आपल्या वाट्याचें काम. पंपाचा दांडा किंवा बुश परत घेतांना मिस्त्रीस दोन्ही टोकांवर व मध्यें, अशा तीन ठिकाणीं मायक्रोमीटर लावून दाखविण्यास सांगावें. तें माप बिलावर लिहून घ्यावें. ज्यावर बेअरिंग बसावयाचें तें बेअरिंग बरोबर न्यावें. नुसत्या जुन्या झिजलेल्या दांड्यावरून माप घेणें म्हणजे ताणलेल्या साखळीनें पुन्हा मोजणी करणें होय. काम निकडीचें असलें तरी जिन्नस थंड होईपर्यंत थांबावें. लेथ शेवटीं केव्हां तपासला, हेंही विचारण्यास संकोच करूं नये. चांगला मिस्त्री ह्या प्रश्नानें रागावत नाहीं, उलट आपली वही पुढें करतो. पंप हंगामाच्या तोंडावर न नेतां पाण्याची गरज नसतां न्यावा, म्हणजे कारखान्यासही घाई राहत नाहीं व घाईंतील चुका टळतात.

ज्या गांवीं चार-पांच शेतकऱ्यांचीं मुलें हें काम जाणतात, तेथें सहकारी तत्त्वावर एक लेथ व एक बारीक पाणसळ ठेवण्याचा विचार संस्थांनीं करावा. मात्र लेथ आणण्याच्या खर्चाबरोबरच पक्का पाया, पाणसळ, मायक्रोमीटर आणि एक वही ह्यांचा खर्च आधींच मंजूर करावा. चांगलें यंत्र वांकडें बसविण्यापेक्षां साधें यंत्र सरळ बसविलेलें अधिक पाणी देतें.